तीन इंच पाणी म्हणजे नक्की किती? बोअरच्या टेस्टवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एवढंच लिहिलं होतं की बोअरमधून पाणी उपसून किंवा बोअरमध्ये पाणी-हवा दाबून खालच्या खडकाबद्दल बरंच काही काढता येतं, आणि त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी सगळी पानं त्यालाच देऊन टाकली. लांब प्रश्न कापलेत, नावं काढलीत, एकाने चिडून लिहिलंय तेही तसंच ठेवलंय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण खाली ती सारखी येणार आहे. टेस्ट संपल्यावर आपल्या हातात वहीतले दोन रकाने असतात, एक वेळेचा आणि एक पातळीचा किंवा दाबाचा. खडक त्या रकान्यांत कुठेच नसतो, तो आपण मागाहून अंदाजाने बसवतो. अंदाज चांगला की वाईट हे बहुतेक वेळा तुम्ही किती वेळ तिथे बसून राहिलात यावर ठरतं.

प्रश्न : बोअर मारलं तेव्हा गाडीवाल्याने तीन इंच पाणी सांगितलं, आम्ही पेढे वाटले. दोन महिन्यांत दीड इंचावर आलं. निम्मं पाणी गेलं कुठं, आणि गाडीवाल्याने फसवलं का?
(शेतकरी, सिन्नर तालुका)

उत्तर : आधी वाईट बातमी सांगतो, निम्मं नाही गेलं, त्याहून खूप जास्त गेलंय. हे इंच कुठले ते आधी बघावं लागतं. काही गाडीवाले पाइप किती इंची भरून वाहतोय ते सांगतात, पण पत्र्याला मध्ये व्ही आकाराची खाच पाडून त्या खाचेतून पाणी किती उंचीने वाहतं ते मोजलं असेल (तुमच्या पत्रावरून तसंच वाटतंय) तर हिशोब सरळ नसतो. ९० अंशांच्या खाचेतून एक इंच उंचीने वाहिलं तर तासाला साधारण ५०० लिटर, दोन इंच असेल तर हजार नाही, २९०० च्या आसपास, आणि तीन इंच म्हणजे जवळपास ८०००. कारण खाच वर रुंद होत जाते. आता दीड इंचाचं काढा, येतात १४०० लिटर. म्हणजे ८००० चे १४०० झाले, पाचवा हिस्सासुद्धा राहिला नाही.

गाडीवाल्याने फसवलं असं मात्र मी म्हणणार नाही, त्याने जे दिसलं ते सांगितलं. त्याचा कंप्रेसर हवा मारून पाणी तळापासून उसळवतो, भेगांमध्ये वर्षानुवर्षं साठलेलं पाणी तास-दोन तास जोरात येतं, आणि तेवढ्यात गाडी पुढच्या गावाला निघालेली असते. साठा किती आणि आवक किती हे तेवढ्या वेळात कळतच नाही. तिजोरीत किती आहे ते बघून महिन्याचा पगार सांगितल्यासारखं झालं ते.

आवक कळायला पंपिंग टेस्ट करायची. मोटर एकाच वेगाने चालवायची, आणि पातळी मोजत राहायची, सुरुवातीला दर मिनिटाला, मग पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने. आधीचे बारा तास मोटर बंद हवी. आता गंमत बघा, साडेसहा इंची बोअरमध्ये दर मीटर उंचीला २१ लिटर पाणी मावतं, म्हणजे १०० मीटर पाणी उभं असेल तर २१०० लिटर नुसतं भोकातच आहे. तासाला १४०० लिटरने उपसलं तर पहिला दीड तास तुम्ही मुख्यतः भोक रिकामं करताय, खडकाने अजून तोंड उघडलेलं नाही. अर्ध्या तासाची टेस्ट करून दाखले देणारे लोक आहेत, त्यांनी मोजलेला असतो पाइप. विहिरीचं तर विचारूच नका, वीस फुटी म्हणजे सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटरला २८ हजार लिटर पाणी असतं, त्यामुळे विहिरीची सकाळभराची टेस्ट म्हणजे फक्त विहिरीचीच टेस्ट. यावर पापाडोपुलोस आणि कूपर या दोघांनी १९६७ साली वेगळं गणितच मांडलं, रुंद विहिरींसाठी, आपल्याकडे ते फार कामाला येतं.

तर पहिला दीड तास सोडून द्या आणि १०० व्या मिनिटापासून १००० व्या मिनिटापर्यंत पातळी किती उतरली ते बघा. समजा ६ मीटर उतरली. तुमचे तासाला १४०० लिटर म्हणजे दिवसाला ३३.६ घनमीटर. त्याला ०.१८३ ने गुणायचं आणि ६ ने भागायचं, येतं साधारण १. याला ट्रान्समिसिव्हिटी म्हणतात, थोडक्यात टी, म्हणजे खडकाच्या सगळ्या जाडीतून पाणी किती सहज सरकतं तो आकडा, एकक चौरस मीटर प्रतिदिन. कूपर आणि जेकब यांनी १९४६ साली दिलेली ही पद्धत आहे, लॉगचा आलेख कागद आणि पट्टी एवढ्यावर होते. १ हा आकडा गरीब आहे. पिण्यापुरतं आणि थोडं ठिबकला, त्यापुढे नको.

आणि हजार मिनिटं म्हणजे पावणेसतरा तास, तेवढी थ्री फेज लाइट कुणाकडे असते, हे तुम्ही विचारणार हे मला माहितीये. म्हणून मी नेहमी सांगतो, उतरताना मोजायला जमलं नाही तरी चढताना मोजा. मोटर बंद झाली की पातळी वर येते, तेव्हा ना व्होल्टेजची भानगड ना मोटरचा थरथराट, खडक एकटाच काम करत असतो. किती वेळ उपसलं, एकूण किती पाणी काढलं आणि नंतर पातळी कशी वर आली एवढं लिहिलेलं असलं की तोच आकडा त्यातूनही निघतो, आणि माझ्या अनुभवात तो जास्त खरा असतो. शिवाय पातळी आधीच्या जागेवर परत आलीच नाही, मीटर-दोन मीटर खालीच थांबली, तर समजायचं की खालचा कप्पा छोटा आहे आणि आपण त्यातलं कायमचं काढलंय. आपल्या काळ्या पाषाणात असे कप्पे फार, वर मुरूम, मग गारगोट्या भरलेला मांजऱ्या, खाली घट्ट पाषाण, मध्येच गेरूचा तांबडा थर, आणि कुठेतरी उभी भिंत घातल्यासारखा डाइक. पाण्याची ओढ डाइकपर्यंत पोचली की आलेखावरची उतरती रेघ एकदम दुप्पट तिरपी होते, सहाच्या जागी बारा मीटर. तुमच्या बोअरचं दोन महिन्यांत जे झालं त्यामागे बहुधा असंच काहीतरी असावं, पण टेस्ट केल्याशिवाय मी शपथ घेणार नाही.

प्रश्न : आमचं एक बोअर कोरडं गेलं, केसिंग तसंच उघडं आहे. सकाळी त्याच्या तोंडावर रुमाल धरला तर आत ओढला जातो आणि दुपारी जेवणानंतर बघितलं तर वर उडतो. गावात लोक नाही नाही ते बोलतात. खाली गॅस आहे का?
(पुरंदर तालुका)

उत्तर : खाली कुणी बसलेलं नाही, निर्धास्त राहा. हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आपल्या पट्ट्यात तर अगदी घड्याळासारखा, सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमाराला जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी. फरक दोन-तीन मिलिबारचाच. पण तुमचं कोरडं बोअर भेगाळ खडकातून गेलंय आणि त्या भेगांमध्ये हवाच हवा आहे, तिला वरचा दाब वाढल्याचं कळायला वेळ लागतो. म्हणून सकाळी वर दाब जास्त आणि खाली कमी, बोअर हवा आत घेतं. दुपारी उलटं. पावसाळी ढग आले, दाब उतरला, की दिवसभर सुस्कारे टाकत बसेल. तुमचं निरीक्षण इतकं बरोबर आहे की मला पत्र वाचून हेवा वाटला.

आणि हीच हवेची टेस्ट आहे, तीही फुकट. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणातल्या एडविन वीक्स यांनी १९७८ साली याचीच पद्धत बांधली, बंद बोअरमध्ये वेगवेगळ्या खोलीवर दाब मोजायचा आणि वरचा दाब खाली पोचायला किती उशीर लागतो, पोचेपर्यंत किती मंदावतो यावरून मधल्या थरातून हवा किती सहज जाते ते काढायचं. हवा सहज जाते म्हणजे भेगा मोकळ्या आहेत, म्हणजे पावसाचं पाणीही उतरेल, हे कोरडं बोअर पुनर्भरणाला बरं पडेल असा अंदाज त्यातून बांधता येतो. फक्त भर पावसाळ्यात मोजू नका, भेगांमध्ये पाणी अडकलं की हवेची वाट बंद होते आणि चांगला खडक वाईट दिसतो.

एक मात्र गंभीरपणे सांगतो. जमिनीखालून वर येणाऱ्या हवेत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो, आणि दाब उतरत असतो तेव्हा ती जवळच्या विहिरीतही येऊन बसते. विहिरीत गाळ काढायला उतरताना माणसं दगावतात ती यातूनही. आणि केसिंगला झाकण लावा आजच, लहान पोरं असतात.

प्रश्न : कोकणात एका छोट्या धरणाच्या पायावर सुपरवायझर आहे. बोअरमध्ये पाणी दाबून ल्युजॉन काढतो. १० ते १५ मीटर खोलीच्या टप्प्यात २ किलोच्या दाबाला ३ ल्युजॉन, ४ किलोला ३, ६ किलोला एकदम १४, परत ४ ला आणलं तर ३, आणि २ ला ३. साहेब म्हणतात सरासरी काढून टाक. काढू का?

उत्तर : नका काढू. सरासरी ५.२ येते आणि तसा दगड तुमच्या साइटवर कुठेच नाहीये.

बाकी वाचकांसाठी दोन ओळी. बोअरचा एक तुकडा वरून-खालून रबरी पॅकर फुगवून बंद करायचा, त्यात दाबाने पाणी सोडायचं आणि किती पाणी दगड पितो ते मोजायचं. १० किलोच्या दाबाला दर मीटर लांबीत मिनिटाला एक लिटर प्यायला तर एक ल्युजॉन. मॉरिस ल्युजॉन हे स्वित्झर्लंडचे भूशास्त्रज्ञ, त्यांनी १९३३ च्या सुमाराला हे रूढ केलं. एक ल्युजॉन म्हणजे पाणी दिवसाला साधारण एक सेंटीमीटर सरकेल असा दगड, ढोबळ. समजा ५ मीटरच्या टप्प्यात ५ किलोला मिनिटाला ४ लिटर गेलं तर मीटरला ०.८, आणि दाब निम्माच होता म्हणून दुप्पट, १.६ ल्युजॉन. एवढंच गणित.

आता तुमचं. दाब चढवत आणि मग उतरवत पाच पायऱ्या का करतात तर दगड कसा वागतो ते बघायला. दगडाची घनता २.८ धरली तर १२ मीटरवर डोक्यावरच्या दगडाचं वजन दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम ३.४ किलो भरतं. तुम्ही ६ किलोने दाबलंत. आपल्या बेसाल्टमध्ये आडव्या सांधी असतात, तुम्ही पाण्याचा जॅक लावून वरचा दगड उचललात, सांध उघडली, १४ आले, दाब सोडल्यावर दगड परत बसला आणि ३ आले. म्हणजे ३ हा दगडाचा आकडा आहे आणि १४ हा तुमच्या पंपाचा. रिपोर्टात ३ लिहा, आणि १४ लपवू नका, खाली टीप द्या की अमुक दाबाच्या वर सांध उघडते, ग्राउटिंगवाल्याला, म्हणजे भेगांत सिमेंट दाबून भरणाऱ्याला, ती टीप सोन्यासारखी आहे, नाहीतर तो पण सहा किलोने दाबेल.

उलट ६ किलोला आकडा कमी आला असता तर भेगेत पाणी खळाळतंय, वाट रुंद आहे असा अर्थ. वाढला आणि उतरताना वाढलेलाच राहिला तर भेगेतली माती धुऊन गेली, ते धोक्याचं. आणि पायरीगणिक नुसता कमीच होत गेला तर भेगा आंधळ्या आहेत, भरल्या आणि संपल्या. ऑस्ट्रेलियाचे हौल्सबी यांनी १९७६ मध्ये हे प्रकार नीट लावून दिले, आपल्याकडचं मानक आयएस ५५२९ चा दुसरा भाग, तो ऑफिसात असेलच, कपाटात बघा.

आणि पॅकर. एका साइटवर (कुठली ते सांगत नाही) तीन दिवस आम्ही ४० ल्युजॉनचा दगड म्हणून डोकं धरून बसलो होतो, सिमेंटच्या गोणींचा हिशोब सुद्धा झाला होता, मग एका हेल्परने विचारलं की साहेब वरनं बोअरच्या तोंडातनं पाणी का येतंय. पॅकर फाटका होता. तेव्हापासून टेस्टच्या वेळी एक माणूस फक्त बोअरच्या तोंडाकडे बघायला उभा करतो.

प्रश्न : माझी मुलगी स्वित्झर्लंडमध्ये डोंगराच्या आतल्या एका प्रयोगशाळेत काम करते. ती म्हणते त्यांची एकेक टेस्ट कित्येक महिने चालते, आणि पाण्याची झाली की मग गॅसची करतात. मी निवृत्त शिक्षिका आहे, मला समजेल असं सांगा ना, दगडात गॅस कशाला भरायचा?
(सांगली)

उत्तर : बाई, तुमची मुलगी बहुधा मॉन्ट टेरीला असावी. मोटारवेच्या बोगद्याशेजारी जो सुरक्षा बोगदा आहे त्यात १९९६ पासून हे काम चालतं. तिथला खडक ओपॅलिनस क्ले, चिकणमातीचाच पण दाबून दगड झालेला. अणुभट्टीतला कचरा अशा खडकात पुरायचा स्विस लोकांचा बेत आहे, २०१९ ते २०२२ मध्ये त्यांनी उत्तर भागात खोल बोअर मारले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नोर्डलिश लेगर्न ही जागा निवडली. आता तिथे प्रश्न सिन्नरच्या बरोब्बर उलटा आहे. सिन्नरला पाणी यावं म्हणून टेस्ट, तिकडे पाणी हलू नये म्हणून.

असल्या खडकातून पाणी किती जातं? एक चौरस मीटर तोंड घ्या, एक मीटरला एक मीटर एवढा पाण्याचा उतार द्या, तर वर्षभरात जेमतेम तीन मिलिलीटर. चहाचा चमचासुद्धा भरत नाही. उघड्या बोअरमध्ये पाणी ओतून पातळी उतरायची वाट बघायची तर मुलगीच निवृत्त होईल. म्हणून पॅकरने तुकडा घट्ट बंद करतात आणि आत दाबाचा एक झटका देतात. यात युक्ती अशी की पाणी दबतच नाही जवळजवळ. शंभर लिटर बंद पाण्याचा दाब दहा बारने वाढवायला किती पाणी घालावं लागतं? ४६ मिलिलीटर. एक कटिंग चहा. उघड्या पाच सेंटीमीटरच्या पाइपात तेवढाच दाब चढवायला शंभर मीटर उंच पाणी भरावं लागलं असतं, १९६ लिटर. म्हणजे खडकाला जे काम करायचंय ते चार हजार पटीने कमी झालं, आणि जे कित्येक वर्षांत दिसलं असतं ते दिवसांत-आठवड्यांत दिसतं. ब्रेडहूफ्ट आणि पापाडोपुलोस (तेच, वरचे विहिरीवाले) यांनी १९८० मध्ये हे मांडलं.

पण दोनच वर्षांनी न्यूझिल नावाच्या माणसाने दाखवून दिलं की अहो, आत नुसतं पाणी नाहीये, रबरी पॅकर आहेत, नळ्या आहेत, त्या पण थोड्या फुगतात, आणि ते धरलं नाही तर उत्तर तितक्याच पटीने चुकतं. दुसरी भानगड तापमानाची. बंद डब्यातलं पाणी एक अंशाने तापलं तर दाब चार बारच्या वर चढू शकतो, भिंती कडक असतील तर. झटका दहा बारचा आणि एका अंशाची चूक चार बारची! म्हणून तुमची मुलगी बोअर बंद केल्यावर सगळं निवण्याची वाट बघत आठवडेच्या आठवडे काढत असणार. फोनवर कामाचं विचारलं की काहीच होत नाहीये म्हणत असेल तर ती खरं सांगतेय.

आता गॅस. कचऱ्याचे डबे पोलादाचे, ते खाली ऑक्सिजनशिवाय गंजतात आणि गंजताना हायड्रोजन सुटतो. तो जाणार कुठे? खडक पाण्याने गच्च, छिद्रं इतकी बारीक की त्यातलं पाणी बाजूला सारायलाच गॅसला आधी दाब जमवावा लागतो. पुरणाचं कापड आठवा, कोरडं असताना त्यातून फुंकर आरपार जाते आणि ओलं केलं की गाल दुखेपर्यंत फुंकावं लागतं. तो दाब किती, आणि एकदा वाट झाल्यावर गॅस कसा सरकतो, हे कळायला गॅस भरतात. पाण्याची टेस्ट आधी का, तर खडक पाण्याने भरलेला असताना कसा होता ते माहीत नसेल तर गॅसचे आकडे लावायचे कशाला.

गॅसचं गणित जास्त नाठाळ. दहा बार दाबाचा गॅस पाण्यापेक्षा दोन हजार पटीने दबतो, त्यामुळे बंद तुकडा फुग्यासारखा वागतो, सगळे बदल मवाळ होतात. शिवाय बारीक छिद्रात गॅसचे रेणू भिंतीला न चिकटता घसरतात, म्हणून तोच कोरडा दगड गॅसला जास्त मोकळा वाटतो आणि पाण्याला कमी, दाब जितका कमी तितकी ही घसरण जास्त. क्लिंकेनबर्ग यांनी १९४१ मध्ये दाखवलं हे. ते दुरुस्त न करता गॅसचा आकडा पाण्याला लावणारे आजही भेटतात.

प्रश्न : एम.एस्सी. करतोय. सॉफ्टवेअरमध्ये पंपिंग टेस्टचा कर्व्ह फिट केला. एस ची किंमत ०.०००१ धरली तरी फिट, ०.००००१ धरली तरी फिट, दोन्हीला रेघ ठिपक्यांवरून जाते. गाइड म्हणतात एक निवड आणि पुढे चल. हे विज्ञान आहे की जुगार? चार महिने वाया गेलेत माझे.

उत्तर : वाया नाही गेले, तू चार महिन्यांत तिथे पोचलास जिथे काही लोक रिटायर होईपर्यंत पोचत नाहीत. रागावू नकोस, ऐक.

उपसतोय तेच बोअर आणि मोजतोय पण त्याच बोअरमध्ये, बरोबर? मग टी चांगला मिळतो कारण तो रेघेच्या तिरपेपणातून येतो. एस, म्हणजे खडक दाबाच्या बदलाला किती पाणी सोडतो तो आकडा, तो रेघ कुठे बसते त्यातून येतो, आणि रेघेची जागा बोअरच्या भिंतीवरसुद्धा अवलंबून असते. ड्रिलिंगचा चिखल भिंतीत बसला असेल किंवा भेग तिथेच रुंद असेल तर रेघ वर-खाली सरकते. तेलवाले याला स्किन म्हणतात. सूत्र उलगडून बघ, स्किन एकने बदलला तर एस सात पटीहून जास्त बदलतो आणि कर्व्ह तसाच्या तसा राहतो. तुझ्या दोन उत्तरांत दहा पटींचा फरक आहे, म्हणजे सव्वा स्किनसुद्धा नाही. तेव्हा सॉफ्टवेअर खोटं बोलत नाहीये, तू त्याला जे विचारतोयस ते त्या डेटात नाहीच आहे. शेजारी वीस-तीस मीटरवर दुसरं बोअर शोध आणि त्यात पातळी मोज, तिथे स्किनची कटकट जवळजवळ संपते.

तोवर एक कर. सुरुवातीचे अंदाज शे-दोनशे वेगवेगळे दे, मुद्दाम वेडेवाकडे, आणि प्रत्येकातून फिट कुठे जाऊन थांबतं त्याचे ठिपके टी आणि एस च्या कागदावर मांड. सगळे एका जागी गोळा झाले तर उत्तर पक्कं. लांबट पट्टा झाला तर तो पट्टाच तुझं उत्तर, थिसिसमध्ये तोच छाप. अमेरिकेत न्यू मेक्सिकोला ६५५ मीटर खोल मिठाच्या थरात अणुकचरा ठेवतात, मार्च १९९९ पासून, त्या कामासाठी सँडिया प्रयोगशाळेने एनसाइट्स नावाचं सॉफ्टवेअर केलं ते हेच करतं, पाण्याच्या आणि गॅसच्या दोन्ही टेस्टवर. एकच आकडा तिथे कुणी मागत नाही. शिवाय पातळीचाच नुसता कर्व्ह बघू नकोस, ती बदलायचा वेग पण मांड, बुर्दे आणि त्याच्या सोबत्यांनी १९८३ मध्ये ही सवय लावली तेलवाल्यांना. जिथे पातळीचा कर्व्ह गुळमुळीत दिसतो तिथे वेगाचा कर्व्ह बोअरचा साठा कुठे संपला, खडक कुठे सुरू झाला, भिंत कुठे लागली ते उघडं करतो.

जुगार म्हणालास म्हणून एक किस्सा. या सगळ्याचं मूळ सूत्र सी. व्ही. थाइस यांचं, १९३५ चं. भूशास्त्राचा माणूस, त्याला वाटलं की जमिनीतलं पाणी उपसणं हे धातूच्या पत्र्यातून उष्णता ओढून घेण्यासारखंच आहे, पण गणित जमेना, म्हणून ल्युबिन नावाच्या गणितज्ञ मित्राला विचारलं. त्याने सोडवून दिलं, आणि पेपरवर नाव घालू का विचारल्यावर नको म्हणाला, गणिताच्या दृष्टीने यात विशेष काही नाही म्हणून! आज जगभर रोज वापरतात ते. तुझ्या गाइडना हे सांगू नकोस मात्र.

प्रश्न : हातावर नारळ उभा राहतो तिथे पाणी लागतं का?

उत्तर : नारळ कुठेही उभा राहतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी कुठेही लागतं, म्हणून नारळवाल्याचं नाव होतं. तो टी किती सांगतो ते विचारा.

प्रश्न : कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल बोअर मारलं म्हणतात. त्यात काय पाण्याची टेस्ट करणार? आणि आमच्या घरच्या बोअरमधून काही अभ्यास होईल का? माझ्याकडे वेळ भरपूर आहे.
(पाटण)

उत्तर : मारलं खरं, २०१७ मध्ये ते पूर्ण झालं. बेसाल्टचा थर तिथे सुमारे सव्वा किलोमीटर, त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक. १० डिसेंबर १९६७ च्या ६.३ च्या भूकंपापासूनचा प्रश्न हाच आहे की धरणातल्या पाण्याचा दाब भेगांमधून खाली कसा पोचतो, म्हणून खालच्या भेगा किती मोकळ्या आणि खडकावर ताण किती हे कळायला हवं. ताण मोजायला बोअरचा छोटा तुकडा बंद करून पाण्याने दाब वाढवतात, खडक जेमतेम तडकतो तो दाब आणि तडा परत मिटतो तो दाब टिपतात. म्हणजे कोकणातल्या सुपरवायझरकडून चुकून झालं तेच, पण मुद्दाम आणि अगदी थोड्या पाण्यात.

तुमच्या घरच्या बोअरचं म्हणाल तर तुमच्याच भागात नव्वदच्या दशकात २१ निरीक्षण बोअर घेतली होती, आणि त्यातल्या काहींमध्ये चंद्राची ओढ दिसते. समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही येते, खडक इतका किंचित ताणला-दबला जातो की आपल्याला कळत नाही, पण वरून घट्ट थराने झाकलेल्या पाण्याला कळतं, आणि बोअरमधली पातळी काही सेंटीमीटर वर-खाली होते. किती होते त्यावरून खडकाचा एस, किती उशिराने होते त्यावरून टी. मोटर नाही, डिझेल नाही, चंद्र रोज टेस्ट करतो. फक्त पुरंदरच्या बोअरला फुंकर मारणारा तो हवेचा दाबही यात लुडबुड करतो, दोन-तीन मिलिबार म्हणजे दोन-तीन सेंटीमीटर पाणी. वेगळं कसं करायचं तर हवेचा ताल बरोब्बर १२ तासांचा आणि चंद्राचा १२ तास २५ मिनिटांचा, म्हणजे चंद्राची भरती रोज पन्नासेक मिनिटं मागे सरकते, हवेची नाही.

टेपने हे दिसायचं नाही, दाब नोंदवणारा लॉगर सोडावा लागेल, अर्ध्या तासाला एक नोंद पुरे, आणि निदान महिनाभर तरी. मोटर चालते त्या बोअरमध्ये नको, वापरात नसलेलं, खोल आणि झाकलेलं घ्या. शेजाऱ्याची मोटर कधी सुरू होते तेही वहीत लिहून ठेवा, त्याच्या मोटरची ओढ तुमच्या पातळीत उतरली तर चंद्र शोधता शोधता तुम्हाला शेजाऱ्याच्या आणि तुमच्या बोअरमधल्या खडकाचा टी मिळून जाईल. फाइल तशीच पाठवा, नीटनेटकी करायला जाऊ नका.